फॉर्ममधली उंची

आमच्या शेजारचे बाबा स्वतः पाच फूट तीन इंच, तेही बूट घालून. पण लेकीच्या खेळाचं श्रेय त्यांनी कधी घराण्याबाहेर जाऊ दिलं नाही. इराने नेटवरून चेंडू हाणला, की अ‍ॅमस्टेलव्हीन या आमच्या डच गावातल्या हॉलमध्ये माझ्या कानाशी लागायचे, "मनगट बघा, वहिनी! डिट्टो माझी आई." सर्व्हिस चुकली, तर ती बायकोच्या माहेरची.

व्हॉलीबॉलचा अख्खा संघ त्यांना 'बाबा'च म्हणे. बाहेरगावच्या सामन्यांना मुलींना गाडीने न्यायची पाळी इथे पालकांनी वाटून घ्यायची असते. बाबा दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घ्यायचे. डिकीत दाण्याच्या लाडवांचा डबा असायचाच. सोनेरी केसांच्या त्या पोरी "बाबा, लाडू!" म्हणत हात पुढे करायच्या. मी चिडवायचे, "आता यांच्यातही तुमच्या आईचं मनगट उतरणार वाटतं!"

"उतरेल की! खाऊ कुणाचा आहे?"

इराला ज्युनियर संघाच्या निवडीचा फॉर्म आला, त्यात आईवडिलांची उंची विचारली होती. मूल अजून किती वाढेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात म्हणे. बाबांनी ऐटीत आपली आणि बायकोची, मीनाची, उंची लिहून टाकली. आठवड्याभरात नकार आला. मुलगी गुणी आहे, पण उंची पुरणार नाही.

मीनाने कपाळावर हात मारला. "अहो, आपली उंची काय लिहिलीत? इराला आपण अनाथाश्रमातून आणलंय ना!"

इराला ते लहानपणापासून माहीत होतं, आम्हालाही. बाबा मात्र चक्क विसरले होते! "डोक्यातच आलं नाही हो, वहिनी," म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता. पोरीची संधी आपल्या हातून गेली, हे त्यांना सोसेना.

मीनाला सुट्टी नव्हती, म्हणून कोचकडे त्या दोघांबरोबर मी गेले. कोचने सगळं ऐकून नवा फॉर्म पुढे केला. वडिलांच्या रकान्यावर बाबांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी लिहिलं, 'माहीत नाही'. अस्सा राग आला मला त्या फॉर्मचा!

उंचीचा अंदाज बाजूला ठेवून, खेळ बघून इराला घेतलं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली, ती अजून खेळते आहे. मला मात्र त्या दिवशीचा परतीचा रस्ता विसरता येत नाही. बाबा गाडी चालवत होते. मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "बाबा, आधीचंच बरोबर होतं. खोटं तू आज लिहिलंस."