मी फक्त वर्तमानपत्र वाचून दाखवते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. श्रीरंगला नाही — दहा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक झाल्यात, ही एक सोडून. सासूबाईंना तर नाहीच नाही. त्यांच्या कोथरूडच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, एका जर्मन वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत घालून लावलंय. त्यात माझा फोटो आहे. "वाचता येत नाही हो आम्हाला, पण बघा, अख्खं अर्धं पान दिलंय आमच्या मेधाला!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी पुण्याला गेले की त्या चौकटीकडे पाठ करून बसते. कुणाच्या लक्षात आलं असेल का? नसावं.

कुठून सुरू करू? जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागापासूनच करते. श्रीरंगला तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. तो इंजिनीअर म्हणून आला, मी त्याची बायको म्हणून. पुण्यात मी एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचे. इथे आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांचे कागद करणाऱ्या कचेरीत, खिडकीमागच्या बाईंनी माझ्या व्यवसायाच्या रकान्यात 'हाउसफ्राऊ', म्हणजे गृहिणी, असं लिहिलं आणि मी खाली सही केली. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. म्हणजे — थोडंसं सांगतेय बहुतेक. तुम्ही ते धरू नका.

दोन-एक वर्षांनी बेकरीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आठवड्यातून तीन सकाळी. अशी मी फ्राऊ लिंडेनाऊंकडे, म्हणजे लिंडेनाऊबाईंकडे, पोचले. वय पंच्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली, अंगात इस्त्रीचं करडं जाकीट. घरात कुणाचे फोटो नाहीत. फक्त कात्रणांचे चार जाडजूड आल्बम, आणि प्रत्येक कात्रणाखाली पेन्सिलीनं तारीख, पान आणि रकान्याची लांबी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आईबरोबर स्टुटगार्टहून न्यूयॉर्कला गेलेली ही मुलगी एका कपडे कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली होती. तेव्हा अमेरिकेत फॅशन म्हणजे पॅरिस, आणि ड्रेसवर नाव असायचं दुकानाचं. तो ड्रेस ज्यानं बेतला तो मागच्या खोलीत. फ्राऊ लिंडेनाऊंच्या डोक्यात आलं की त्या बेतणाऱ्याचं नाव छापून आणायचं. मोठी वर्तमानपत्रं दारात उभी करीनात, म्हणून त्यांनी लहान लहान गावांतल्या वर्तमानपत्रांच्या बायकांना आगगाडीची तिकिटं पाठवली, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, आणि तो ड्रेस त्यांच्या गावात कुठे मिळेल ते प्रत्येकीला चिठ्ठीवर लिहून दिलं. मग मोठे आपण होऊन आले. मागच्या खोलीतली माणसं हळूहळू नावारूपाला आली. फ्राऊ लिंडेनाऊंनी मात्र एक नियम पाळला, प्रसिद्धी करणाऱ्यानं आपलं नाव मजकुरात येऊ द्यायचं नाही. चाळीस वर्षं, चार आल्बम — आणि त्यात त्यांचं नाव एकदाही नाही.

मी ऐकत गेले. अहो, ऐकत काय, अधाशासारखी गिळत गेले! माझ्या ओळखीत आंके नावाची एक मुलगी होती, स्टुटगार्टमध्ये कपडे शिवायची, हातात कसब होतं पण गिऱ्हाईक नव्हतं. मी तिच्यासाठी फ्राऊ लिंडेनाऊंचं तंत्र वापरून बघितलं. घरोघरी फुकट पडणाऱ्या मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या साप्ताहिकांतल्या बायकांना बोलावलं, पुढे बसवलं, चिठ्ठ्या दिल्या. वर्षभरात आंकेकडे रांग लागली, आणि तिच्यासारखे आणखी तिघे माझ्याकडे आले. रोज सकाळी मी काय केलं ते सांगायचे आणि फ्राऊ लिंडेनाऊ चुका काढायच्या. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं त्या म्हणाल्या की माझा दिवस चांगला जायचा.

एकदा कॉफी ओतताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या गावच्या वर्तमानपत्रात एकदा काही आलं असतं ना, फ्राऊ साठ्ये, तर तुमच्याकडून वाचून घेतलं असतं." एवढंच. पुन्हा कधी तो विषय नाही. पण त्यांनी ते मागितलं होतं, आणि मला ते कळलं होतं.

मी शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रात फोन केला. हे मी मनापासून केलं, एवढं तरी खरं माना. आधी जरा माहिती हवी म्हणून तिथला बातमीदार मला एका कॅफेत भेटला. मी अर्धा तास फ्राऊ लिंडेनाऊंबद्दल बोलले. तो वहीत काहीच लिहीना. मग म्हणाला की न्यूयॉर्कमधली जुनी नावं इथे कुणाला माहीत असणार? पण एक भारतीय बाई स्टुटगार्टच्या शिंप्यांना नाव मिळवून देते, ही खरी गोष्ट. त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं — आणि मी चढले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला, माझ्याबद्दल, प्रश्न विचारत होतं. साप्ताहिकांचं सांगितलं. पहिल्या रांगेचं सांगितलं. चिठ्ठ्यांचंही सांगितलं. आता तो भराभर लिहीत होता. मधेच त्यानं मान वर करून विचारलं, "आल्झो, म्हणजे हे सगळं तुम्ही त्या आजींकडून शिकलात तर?"

काय बोलायला हवं होतं? एक शब्द. 'जा.' हो म्हणायला जर्मनमध्ये त्याहून लहान शब्द नाही.

मी म्हटलं, "नाही, नाही. मी त्यांना फक्त वर्तमानपत्र वाचून दाखवते."

शनिवारी अर्धं पान आलं. माझा फोटो, माझं नाव, माझं 'अभिनव तंत्र'. फ्राऊ लिंडेनाऊंचा उल्लेख नाही. कसा असणार? सोमवारी मी ते वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. वाटेत ठरवलं होतं, सांगून टाकायचं. दार उघडलं तर त्यांनी केस सेट करून घेतले होते. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "शेजारीण म्हणाली, काहीतरी आलंय. वाचा."

आणि मी वाचलं. जे छापलेलं नव्हतं ते. पान डोळ्यांसमोर धरून एकेक वाक्य जुळवत गेले: स्टुटगार्टची मुलगी, न्यूयॉर्क, मागच्या खोलीतल्या माणसांना नाव मिळवून देणारी थोर बाई. त्यांनी धंद्याच्या सवयीनं विचारलं — कितवं पान? किती रकाने? फोटो आहे? आहे, मी म्हटलं. त्यांनी कागदावरून, माझ्या चेहऱ्यावरून, सावकाश बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चिकटवा." मी आल्बमच्या शेवटच्या कोऱ्या पानावर माझंच कात्रण चिकटवलं आणि खाली पेन्सिलीनं तारीख घातली.

पुढे दर काही दिवसांनी त्या ते पुन्हा वाचायला लावायच्या. आपण काय काय रचलं होतं ते विसरायला नको, म्हणून मी घरी सगळं लिहून काढलं आणि तो कागद पर्समध्ये ठेवला. खोटंसुद्धा मी किती नेटकं करते पाहा! ईस्टरनंतर मात्र त्या वाचनाच्या मध्येच थांबवू लागल्या. "'थोर' नको तिथे. कच्चा बातमीदार असं लिहितो." आणि शेवटी दरवेळी विचारायच्या, "आणि? पुढे काही नाही?" मी म्हणायचे, नाही, एवढंच आहे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी वाचायला सांगितलंच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

नोव्हेंबरात त्या गेल्या. घर आवरायला त्यांची भाची युटा बॉनहून आली; ती त्यांना टांटे, म्हणजे मावशी, म्हणायची. एका कचेरीत काम करणारी साधी, कामसू बाई. मला बघताक्षणी म्हणाली, "तुम्हीच ना त्या पेपरमधल्या? ईस्टरला आले होते तेव्हा टांटेनं मला तो आल्बम दिला आणि म्हणाली, शेवटचं पान वाच. अक्षर न् अक्षर. मी वाचलं. ती म्हणाली, मजकूर चांगला बांधलाय."

मी खोक्यांच्या मध्येच खाली बसले. ईस्टरला! म्हणजे त्या तीन वेळा मी जे वाचत होते ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. आणि 'पुढे काही नाही?' हे त्या मजकुराबद्दल नव्हत्या विचारत. ओरडल्या असत्या, हाकललं असतं तर परवडलं असतं. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली, एकदा नाही, तीनदा, आणि मी दरवेळी चष्मा सारखा करून 'एवढंच' म्हटलं.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटावंसं वाटत होतं. पण अजून एक आहे, आणि तोच सांगायला मी एवढा वेळ घोटाळतेय.

युटाला वर्तमानपत्रात द्यायला मृत्यूची सूचना हवी होती. "टांटे म्हणाली होती, ते फ्राऊ साठ्ये लिहितील, त्यांना सगळं माहीत आहे." तिनं माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. फ्राऊ लिंडेनाऊंनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. युटालाही नाही. त्यांनी काय केलं होतं ते जाणणारी त्या शहरात मी एकटी उरले होते. दोन वाक्यं पुरली असती. पण त्याच आठवड्यात माझ्या नव्या, प्रसिद्धीचं काम करणाऱ्या ऑफिसचं उद्घाटन होतं, आमंत्रणपत्रिकेवर तेच अर्धं पान छापलं होतं, आणि कॅफेतला बातमीदारही येणार होता.

मी नाव लिहिलं. जन्मगाव लिहिलं. 'अनेक वर्षे न्यूयॉर्क येथे वास्तव्य,' असं लिहिलं. युटानं वाचलं आणि विचारलं, "टांटे तिकडे नेमकं काय काम करायची हो? मला कधी नीट कळलंच नाही."

"ऑफिसात होत्या," मी म्हटलं. "टायपिंग वगैरे."

"जा, मला तसंच वाटलं होतं," असं म्हणून तिनं कागद पाकिटात घातला, आणि गुरुवारी ते तसंच छापून आलं.