जीपने आलेली पिशवी

जव्हारच्या ऑफिसात मी फॉक्सप्रो या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहायचो. एका प्रोग्रामने दुसऱ्याला आकडा द्यावा, नाव द्यावं, तारीख द्यावी. दुसऱ्याने ते मुकाट घ्यावं, अशी त्या भाषेची रीत. साहेब म्हणाले, "आत काय आलंय ते आधी तपासत जा."

मी फणकाऱ्याने म्हणालो, "मोखाड्याचा जीपवाला पिशवी घेताना आत काय आहे ते विचारतो का? तरी पोचतेच ना."

त्याच संध्याकाळी मोखाड्याहून जीपने आईची पिशवी आली. नेहमीसारख्या नागलीच्या भाकऱ्या असतील म्हणून मी खुशाल हात घातला. आत जिवंत खेकडे होते.

दुसऱ्या दिवशी बोटाला चिंधी बांधून मी प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला तपासणीची ओळ घालत बसलो. साहेबांनी बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "जीपवाला बरा आहे ना?"