हिरव्या साडीतल्या जुन्या बायका

“अवघड शब्द काढू नका सर, सोपे शब्द आम्हाला कोणीही देतं,” असं सोजरबाई एकदा म्हणाल्या होत्या.

शनिवार पेठेतल्या आमच्या मार्क्सवादी अभ्यासवर्गाला त्या दर रविवारी वारज्याहून येत. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या फरशी पुसत. काचेची इमारत तीच, बादली तीच, कंत्राटदार मात्र दोन-दोन वर्षांनी बदलायचा. मग बायकांनी आपखुशीने नोकरी सोडल्याचं लिहून द्यायचं आणि नव्या रंगाची साडी घ्यायची. साडी नवी की बाई नवी. जुनी नोकरी पुसली जायची, सलग पाच वर्षं भरायची नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी कधी लागूच व्हायची नाही. या वेळी साडी घ्यायची नाही, असं सोजरबाईंनी ठरवलं होतं. पण एकटीने नाकारली असती तर घरीच बसावं लागलं असतं.

बाकीच्या बायकांसाठी दीनानाथ सरांनी पत्रक लिहिलं. सर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आमचा वर्ग तेच घेत. कामगारवर्गावर आयुष्यभर बोलले होते, गेटवर कधी उभे राहिले नव्हते.

सोजरबाईंनी पत्रक वाचलं. “वरकड मूल्य कुठं गेलं? आमच्या श्रमातला मालक ठेवून घेतो तो वाटा?”

“बायकांना जड जाईल म्हणून काढलं.”

“लहानपणी बुद्धविहारातल्या भाषणांत आम्ही जडच ऐकलं. निम्मं कळायचं नाही, पण ताठ बसावंसं वाटायचं. ठेवा ते. कायद्याचं मात्र तुम्हीच लिहा, तिथं माझं डोकं चालत नाही.”

“सर,” वर्गातली कल्याणी म्हणाली, “तुमचे शब्द मागून घेणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.”

सर हसले नाहीत. त्यांनी तो परिच्छेद परत घातला.

जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून सोजरबाईंनी ते पत्रक रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. नवा कंत्राटदार येणार तो सोमवार उजाडला तेव्हा गेटवर सगळ्या बायका जुन्या हिरव्या साडीत होत्या. सुपरवायझर निळ्या साड्यांचा गठ्ठा धरून उभा.

“आजपासून निळी.”

“रंग चांगला आहे,” सोजरबाई म्हणाल्या. “पण आम्ही जुन्याच आहोत.”

रस्त्यापलीकडे दीनानाथ सर उन्हात उभे होते. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. वरच्या मजल्यांवर कचरा साठत गेला, आणि दुपारी कंपनीचा अधिकारी खाली आला. संध्याकाळी बायकांनी निळ्या साड्या घेतल्या, राजीनामा न देता. जुनी नोकरी चालू धरल्याचं कंपनीने लेखी दिलं.

पुढच्या रविवारी सरांनी या लढ्याचा अर्थ सांगायला घेतला. त्यांची वाक्यं लांब असतात. खाली रस्त्यावर हिंजवडीतल्या शेजारच्या कंपनीत फरशी पुसणाऱ्या तीन बायका थांबल्या होत्या; त्यांचा कंत्राटदार आता बदलणार होता. सोजरबाईंनी खिडकीतून पाहिलं. कपाटातला उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली. सर वाक्याच्या मध्येच थांबले आणि त्यांनी आपली खुर्ची वाटेतून बाजूला घेतली.

सोजरबाई गठ्ठा घेऊन जिना उतरून त्या बायकांकडे गेल्या.