तिसऱ्या रांगेतलं हसू

आपलं हसणं गाढवासारखं आहे, हे आयरीन बटरवर्थला लग्नाच्या दिवशी कळलं. तोवर बिचारी बिनघोर हसत होती. चर्चमागच्या हॉलमध्ये हॅमची सँडविचं खाताना कोणीतरी काहीतरी बोललं, आयरीन हसली, आणि तिची नणंद बेरिल हिनं हातातली बशी खाली ठेवून त्या हसण्याची नक्कल करून दाखवली. आधी दोनदा आत ओढलेला शिट्टीसारखा श्वास, मग मोकाट सुटलेला हेल, आणि शेवटी एक उचकी. नक्कल इतकी हुबेहूब होती की नवरदेव डेरेकही पोट धरून हसला. आयरीनही हसली. नवी नवरी दुसरं काय करणार?

बेरिलला देवानं रूप दिलं नव्हतं, नवरा दिला नव्हता, पण नकला दिल्या होत्या. आमच्या ओल्डहॅममध्ये अशी माणसं गल्लीत एक तरी असतातच, आणि लोक त्यांना मजेशीर म्हणतात. ज्याची नक्कल होते त्यानं मनाला लावून घ्यायचं नसतं. लावून घेतलं तर तो खडूस.

सन शहात्तर साल. 'वेट पेंट' ही मालिका तेव्हा अशी चालायची की गुरुवारी संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं दिसू नये. रंग आणि वॉलपेपरच्या दुकानाचा तापट मालक, अंगात तपकिरी डगला, आणि दर भागात हा गृहस्थ स्वतःच रंगवलेल्या ओल्या बाकावर स्वतःच बसायचा. विनोद एवढाच. तो बसणार हे देशाला माहीत होतं आणि देश तरी वाट बघायचा. तेव्हा असल्या मालिका प्रेक्षकांसमोर व्हायच्या आणि त्यांचं खरंखुरं हसणं टेपवर जायचं. सूतगिरणीच्या क्लबनं मँचेस्टरच्या स्टुडिओची फुकट तिकिटं मिळवली, बस केली आणि चाळीसजण गेले. आयरीन तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी डेरेक, मागच्या रांगेत बेरिल. डोक्यावर माइक लोंबत होते.

त्या भागात मालक बसेचना. बाकापाशी यायचा, वाकायचा, कोणीतरी हाक मारली की सरळ व्हायचा. पंचवीस मिनिटं असं चाललं. शेवटी तो एका शोकसभेला गेला, भावाच्या आठवणीनं गहिवरला, आणि चर्चच्या नव्यानं रंगवलेल्या बाकावर टेकला. क्षणभर चिडीचूप. आणि त्या शांततेत सगळ्यांच्या आधी आयरीन हसली. दोन श्वास, हेल, उचकी. नटाला पुढचं वाक्य बोलता येईना. त्याचे खांदे हलायला लागले आणि अख्खा स्टुडिओ फुटला. आयरीन तेव्हा तीस वर्षांची होती. तीनशे माणसं तिला हसली नाहीत, तिच्याबरोबर हसली. असं तिच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं, आणि नंतरही नाही.

परतीच्या बसमध्ये बेरिल दोन सीटांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं ते हसू चाळीस जणांना सहा वेळा करून दाखवलं. डेरेक खिडकीबाहेर बघत बसला. तो भाग टीव्हीवर लागला त्या गुरुवारी, चर्चचं बाक दिसताच, त्यानं उठून टीव्ही बंद केला. गिरणीत मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं. आठवडाभर पोरी आयरीनला बघून उचक्या देत होत्या. तिथून डेरेकला सवयच लागली. आयरीनच्या ओठाचा कोपरा हलला की तो म्हणायचा, "बास कर, बये." आयरीन तोंडावर हात ठेवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा. पुढे पुढे हाताचीही गरज उरली नाही. अकरा वर्षांपूर्वी डेरेक वारला, बेरिल सोबतीला म्हणून वहिनीच्या घरी आली आणि कोपऱ्यातल्या चांगल्या खुर्चीत बसली ती बसलीच.

आणि परवाच्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या पेपरात एक छोटी बातमी आली. 'वेट पेंट'च्या चाहत्यांचं मंडळ तिसऱ्या रांगेतलं ते हसू कोणाचं, याचा शोध घेत होतं. ते सगळ्यांचं लाडकं हसू आहे, असं सेक्रेटरीनं म्हटलं होतं. आयरीननं बातमी चार वेळा वाचली. एकाहत्तर वर्षांची बाई, तिच्या कुठल्या गोष्टीला लाडकं म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं बेरिलला न विचारता पत्र टाकलं.

सेक्रेटरी नायजेल प्रिचर्ड शनिवारी चहाला आला. पन्नाशीचा, गुबगुबीत, डोळ्यांत पाणी तयार असलेला माणूस. आयरीननं फळांचा केक केला होता. नायजेलनं फोनवर ते हसू ऐकवलं, नुसतं हसू, चार सेकंदांचं. आयरीननं इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा ऐकलं. आपला आवाज इतका आनंदी होता, याचं तिलाच नवल वाटलं आणि तिला रडू यायला लागलं.

"मिसेस बटरवर्थ, एकदा," नायजेल म्हणाला. "एकदाच, माझ्यासाठी."

आयरीननं श्वास आत ओढला. दुसरा ओढला. आणि खोकली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खोकली. नायजेल केककडे बघायला लागला.

"तसं नाही गं, असं," बेरिल खुर्चीतून म्हणाली आणि तिनं करून दाखवलं. दोन श्वास, हेल, उचकी. त्रेचाळीस वर्षं दर नाताळला, दर लग्नाला घोटून घोटून बसलेली नक्कल. नायजेलनं कप खाली ठेवला. तो उठून बेरिलसमोर गुडघ्यावर बसला. "तुम्ही," तो म्हणाला. "तुम्हीसुद्धा होतात तिथे?"

"होते की," बेरिल म्हणाली. ते खोटं नव्हतं. पुढचं ती बोलली नाही, आणि आयत्या बिळावर नागोबा झाली. आयरीननं तोंड उघडलं. पण पाहुणा घरात बसलेला, केक कापलेला, माणूस रडतोय. अशा वेळी आमच्याकडे वाद घालत नाहीत. घर जळत असलं तरी पाहुण्याचा चहा होईतो थांबणारी माणसं आम्ही. आयरीननं त्याला विचारलं, आणखी केक देऊ का?

निघताना नायजेलनं दोघींना मंडळाच्या ऑक्टोबरातल्या मेळाव्याचं आमंत्रण दिलं. मग दरवाजा लागल्यावर आयरीन बोलली. "ते माझं आहे, बेरिल. ऑक्टोबरच्या कार्यक्रमात स्टेजवर मी हसणार."

"हस की. मी कुठे नाही म्हणते? पण माणसं डर्बीहून गाड्या काढून येणार, आणि तू त्यांना खोकून दाखवणार?"

आयरीन रोज न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, हसायचा सराव करायला लागली. श्वास यायचे. हेल यायचा नाही. सप्टेंबरात एकदा निम्मा आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. खालून बेरिल ओरडली, "आयरीन, पाइप वाजतोय का गं? प्लंबरला बोलव."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कामगार क्लबात साठेक माणसं जमली. सगळ्यांच्या अंगात तपकिरी डगले, डगल्यांच्या बुडाला पांढऱ्या रंगाचा पट्टा. मटण-बटाटा भरलेली पेस्ट्री, वाटाण्याचा लगदा, लाल कोबीचं लोणचं. नायजेलनं दोघींना पुढच्या टेबलावर बसवलं. 'वेट पेंट'चं हसू आज आपल्यात आहे, असं त्यानं माइकवर सांगितलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, बेरिलकडे बघून. त्यानं आयरीनच्या कानात सांगितलं की आज पूर्ण प्रसंग दाखवणार आहेत, आणि त्यात मंडळाची एक जुनी गंमत आहे, मजा येईल. आयरीननं मान हलवली. तिचं लक्ष गळ्याकडे होतं. सकाळपासून तिनं मध घातलेल्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

दिवे मंदावले. पडद्यावर चर्च आलं, मालक आला, गहिवरला. तो वाकायला लागला आणि आयरीनच्या पोटात काहीतरी हललं. काय होणार हे ठाऊक असूनही हललं, कारण ते खरंच विनोदी होतं. माणूस बसला. चिडीचूप. पडद्यामागून तीस वर्षांची आयरीन हसली, आणि खाली एकाहत्तर वर्षांच्या आयरीननं पहिला श्वास आत ओढला. दुसरा ओढला. हेल आला. खरोखर आला, घशापर्यंत येऊन उभा राहिला.

आणि पडद्यावर, त्या हसण्याच्या शेपटाला, माइकनं धरलेला एक पुरुषी आवाज आला, दबका, चिडलेला: "बास कर, बये." त्याच क्षणी साठ माणसांनी एका सुरात गर्जना केली, "बास कर, बये!" आणि टेबलावर मुठी आपटल्या. ही मंडळाची जुनी गंमत.

आयरीनचा हात आपोआप तोंडावर गेला. हेल मागे गेला. साठ डेरेक तपकिरी डगले घालून तिच्याभोवती हसत होते.

"केवढं प्रेमाचं आहे ना ते," शेजारची एक बाई तिला म्हणाली. "जुन्या काळचे नवरे. माझे वडील अस्सेच होते."

बेरिलनं माइकवर सांगितलं की तो आवाज तिच्या भावाचा, डेरेकचा. काय माणूस होता, घरात नुसता हशा. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. लोकांनी डेरेकसाठी ग्लास वर केले. आयरीनच्याही हातात कोणीतरी ग्लास दिला आणि तिनंही वर केला. मग नायजेलनं दोघींना स्टेजवर बोलावलं. त्यानं रीत म्हणून आयरीनसमोर आधी माइक धरला. तिनं श्वास ओढला, खोकली, आणि लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या, लहान मुलीनं कविता विसरावी तशा.

मग बेरिल हसली. दोन श्वास, हेल, उचकी. सभागृहानं गर्जना केली, "बास कर, बये!" बेरिल पुन्हा हसली. पुन्हा गर्जना. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बेरिलचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते. आयुष्यभर दुसऱ्याचं हसं केलं, आता त्याच हशाची ती राणी झाली होती. पाचव्यांदा ती हसली, लोक ओरडून थांबले, आणि त्या शांततेत आयरीन बेरिलकडे वळून, माइकच्या जवळ, हळू आवाजात म्हणाली,

"बास कर, बये."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच कोणाला म्हणत होती, आणि जीव तोडून म्हणत होती. बेरिलला ते कळलं. तिच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी सुकलं.

आणि मग अख्खं सभागृह फुटलं. माणसं टेबलावर डोकी टेकून हसली. कोणाच्या तरी नाकातून बिअर आली. नायजेल डोळे पुसत आयरीनपाशी आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"मिसेस बटरवर्थ, काय वेळ साधलीत तुम्ही. अगदी त्यांच्यासारखं म्हणालात. पुढच्या वर्षी हेच करू. या हसणार, आणि तुम्ही गप्प करायचं."

आयरीनला सांगायचं होतं. पण माणसं हसत होती, नायजेलच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बायका आतून ट्रायफलचं पुडिंग घेऊन येत होत्या. ती थँक्यू म्हणाली. बेरिलचं हसू तोवर परत आलं होतं.

त्या दिवशीचा फोटो क्लबात बिंगोच्या फळ्याशेजारी लावलाय, कोणीही जाऊन बघावा. बेरिलचं तोंड उघडं, आयरीनचा हात तोंडावर. खाली नायजेलच्या सुबक अक्षरात लिहिलंय: 'तिसऱ्या रांगेतलं हसू, मिस बेरिल बटरवर्थ. सोबत, त्यांना हसू न देणाऱ्या वहिनी.'