चावी फिरवायच्या आधी

मोपाच्या विमानतळावरून भिकाजीच्या टॅक्सीत बसलेलं गिऱ्हाईक पहिली पाच मिनिटं वैतागलेलंच असतं. सामान डिकीत गेलं, माणसं आत बसली, तरी हा माणूस गाडी काढायचं नाव घेत नाही. आधी गाडीभोवती एक फेरी. बॉनेटपुढे उभं राहून खाली वाकून बघायचं. चारही दारं एकेक ओढून ती नीट लागलीत का ते तपासायचं. मग आत बसून पाठीने सीट मागे रेटायची, खाचेत घट्ट बसलीय याची खात्री करायची. क्लच पुरता दाबायचा, गियरचा दांडा डावीउजवीकडे तीनदा हलवायचा आणि मग कुठे चावीला हात. स्टँडवरचा प्रज्योत रोज त्याची खेचतो, "भिकाजी, टॅक्सी काढतंस काय इमान उडवतंस रे?" बाकीचे हसतात. भिकाजीही हसतो.

असा सावध ड्रायव्हर सगळ्या स्टँडवर दुसरा नाही, हे मात्र सगळे मान्य करतात. हा सावधपणा त्याला कुठून आला, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. सांगायची वेळ सात वर्षांपूर्वी येऊन गेली होती आणि तेव्हा तो गप्प बसला होता.

भिकाजी मूळचा बांद्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी डिचोलीच्या खाणीवर टिपर ट्रक चालवायला आला आणि वीस वर्षं लाल माती खात राहिला. टिपरच्या हँडब्रेकवर तिथे कोणाचाच भरवसा नसे. चढावर गाडी उभी करायची ती पहिल्या गियरमध्ये घालून, मागच्या चाकाला धोंडा लावून. पहिल्या वर्षी शिकलेली ही गोष्ट त्याच्या हातात इतकी मुरली की गाडी बंद करताना डोकं कुठे का असेना, हात आपोआप गियर टाकून मोकळा व्हायचा. खाणीवरच्या दसऱ्याचीही त्याला भारी आवड. झेंडूच्या माळा घातलेले पंचवीस-तीस ट्रक एका रांगेत उभे राहायचे आणि नारळ फुटला की सगळी इंजिनं एकदम सुरू व्हायची. पायाखालची जमीन हादरायची तेव्हा त्याचा ऊर भरून यायचा.

खाण बंद पडली. तोवर त्याचं लग्न पेडण्याकडच्या पार्वतीशी झालं होतं, मुलगी झाली होती आणि पार्वतीची थोरली बहीण सुमंगला हिच्या घराला लागूनच त्याने चार खोल्या बांधल्या होत्या. त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि भाडी मारू लागला. खाण गेली, पण दसरा त्याने सोडला नाही. अंगणात एकटी व्हॅन उभी, तरी नारळ फुटताना तिचं इंजिन सुरू झालंच पाहिजे.

त्या दसऱ्याला श्रद्धा चौदा वर्षांची होती. अंगण चढाचं, व्हॅनचं तोंड घराकडे. पार्वती बॉनेट आणि सोप्याचा चिऱ्यांचा कट्टा यांच्या मधल्या जागेत आरतीचं ताट घेऊन उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं होतं, चाकांखाली लिंबं ठेवली होती. ड्रायव्हरच्या सीटवर फुलांची परडी ठेवलेली, म्हणून आत कोणी बसलं नव्हतं. भिकाजीने नारळ आपटला, त्याचे दोन्ही हात पाण्याने चिकट झाले. खिडकीशी उभ्या असलेल्या लेकीला तो म्हणाला, "चावी मार गो, श्रद्धा."

श्रद्धाने खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवली. व्हॅन गियरमध्ये होती. तिने उडी मारली, पार्वतीला कट्ट्यावर चेपलं आणि बंद पडली.

गाडी मागे घ्यायची तर आधी गियर काढायला हवा. भिकाजीने दार उघडून दांडा हिसकला, न्यूट्रलला आणला आणि ओरडत गाडी मागे ढकलली. शेजारीपाजारी धावत आले तेव्हा त्यांना दिसली ती न्यूट्रलमध्ये असलेली गाडी आणि खिडकीपाशी चावीकडे बघत थिजलेली मुलगी. गियर काढला तो पार्वतीला सोडवायला, लपवायला नव्हे. इथवर त्याचा काही दोष नव्हता. दोष पुढचा.

म्हापशाच्या वाटेवर, शेजाऱ्याच्या जीपमध्ये, पार्वतीला थोडा वेळ शुद्ध होती. ती म्हणाली, "चेडवाक कोणी काय बोला नको." हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गेली होती.

पोलिसाने विचारलं, चावी कोणी फिरवली? भिकाजी म्हणाला, मुलीने. तिला गाडी येते? नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. अपघात म्हणून कागद झाला. बाराव्या दिवशी तो सगळं सांगणार होता, तसं त्याने मनाशी ठरवलंही होतं. पण त्याच दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या घरात सुमंगलाने श्रद्धाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्या चेडवान आवशीक खाल्ल्यान." लेकीने आईला खाल्लं, हे सगळे ऐकत होते. श्रद्धा ऐकत होती. भिकाजी हात मांडीवर ठेवून बसला होता. तोंड उघडायला त्याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. त्याने तोंड उघडलं नाही. भ्याला म्हणून. दुसरं कारण शोधत बसू नये. तो स्वतः मात्र शोधत राहिला. पोरीला कोणी काही बोलू नये, असं पार्वती सांगून गेली होती ना? मग आपण बोललो नाही. असल्या हिशेबाने माणूस वर्षानुवर्षं जेवतो, झोपतो, गाडी चालवतो.

सुमंगला दुष्ट नव्हती. भाचीला तिनेच वाढवलं, रोज वाढून दिलं, तापात उशाशी बसली. फक्त ताट पुढ्यात सरकवताना तिने कधी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. आणि श्रद्धाला ते रास्तच वाटलं, हे सगळ्यात वाईट. गावातल्या मुली अठराव्या वर्षी स्कूटर घेऊन म्हापशाला जाऊ लागल्या, ही चालत बस-स्टॉपवर जायची. बापाच्या टॅक्सीत बसायची वेळ आली तर मागे बसायची, आणि इंजिन सुरू होईपर्यंत गाडीच्या मागच्या बाजूला उभी राहायची. भिकाजी आरशातून ते बघायचा आणि गियरचा दांडा तीनदा हलवायचा.

एकविसाव्या वर्षी तिला विमानतळावर काउंटरची नोकरी लागली. पहिले काही महिने दिवसाची पाळी होती. मग एका शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "बाबा, माजी आता पहाटेची पाळी. त्या वेळार बस नाय. मी पेडण्यात गाडीचो क्लास लावलंय. सोमवारपासून."

"मी सोडीन तुका," भिकाजी म्हणाला.

"रोज? आणि तुमचा भाडा?" ती थोडी थांबली. "माका भय वाटता. पण किती दिस असा ऱ्हवाचा?"

कुठलाही क्लास घ्या, कुठलाही मास्तर घ्या, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य तेच: चावी फिरवायच्या आधी गियर बघ, गियरमध्ये असली तर गाडी उडी मारते. सात वर्षं पुरून ठेवलेली गोष्ट सोमवारी कोणी परका माणूस तिला सहज सांगून टाकणार होता. आणि मग ती घरी येऊन विचारणार होती. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी चहात पाव बुडवता बुडवता तो एकदम म्हणाला, "क्लासाक जाव नको. मी शिकवतंय. चल."

श्रद्धा बघतच राहिली. दोन वर्षांपूर्वी तिने एकदाच गाडी शिकवाल का म्हणून विचारलं होतं, तेव्हा तो उत्तर न देता उठून गेला होता.

गावाबाहेरच्या सड्यावर, वरच्या मोकळ्या पठारावर, रस्ता सरळ आणि मोकळा आहे. दोन्हीकडे काजू, लांबवर विमानतळाचं कुंपण. भिकाजीने गाडी थांबवली, आणि हात सवयीने गियरकडे गेला तो त्याने मागे घेतला. गाडी त्याने न्यूट्रलमध्येच ठेवली, हँडब्रेक ओढला आणि उतरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. पोर घाबरू नये म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. पहिल्याच दिवशी गियरची गोष्ट निघू नये म्हणून, हे खरं.

"आधी सीट," तो म्हणाला. "खालचो दांडो ओढ आणि फुडे सरक. खट्ट आवाज येयसर सोडू नको. खाच बसली नाय तर ब्रेक मारताना सीट मागे जाता आणि पाय पोचना नाय." ती सरकली. आवाज आला. "पाठ टेकव. हात वर ठेव, मनगट स्टेअरिंगार येवक होया. आता दार. नुसता लोटलेला चलना नाय, उघडून परत ओढ. लॉक कर. पट्टो." शिकवताना त्याचा आवाज बरा लागला. आपण चांगले मास्तर झालो असतो, असंसुद्धा क्षणभर त्याच्या मनात आलं.

"आता चावी."

श्रद्धाने चावीला हात लावला आणि काढला. पुन्हा लावला. डोळे मिटले. तिचा ओठ दातांखाली होता. तिने चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. बाकी काही झालं नाही. गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी राहिली, समोर रस्ता होता तिथेच होता. श्रद्धाने डोळे उघडले, तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. भिकाजीला वाटलं, सुटलो.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी हालली नाय."

"नाय."

"मी चावी फिरवलंय आणि गाडी हालली नाय." ती त्याच्याकडे वळली. "मगे त्या दिवशी कित्याक गेली?"

उत्तर त्याच्याकडे तयार होतं. सात वर्षांत घासून घासून गुळगुळीत केलेलं: व्हॅन जुनी होती, वायरिंग बिघडलेलं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण चावीवरचा तिचा हात तिने अजून काढला नव्हता, बोटं पांढरी पडली होती, आणि ती बोटं त्याला बघवेनात.

"बंद कर," तो म्हणाला. तिने बंद केली. "ती गाडी पयल्या गियरात होती. गियरात आसताना चावी फिरवली की गाडी उडी मारता. मीच ठेवलेली. चढार ठेवतंय तशी. मीच ठेवलेली आणि मीच तुका चावी मार म्हणान सांगलंय."

श्रद्धाने गियरच्या दांड्याकडे बघितलं.

"आवशीक म्हायत होता?"

"नाय."

"जीपीत तिका सांगलात नाय?"

भिकाजीने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे मरापर्यंत तिका वाटत होता, माज्या हातान झाला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तुमी खाली उतरा."

तो उतरला. मागून चारही दारं एकदम लॉक झाल्याचा आवाज आला. तो चार पावलं पुढे गेला आणि थांबला. मान वर केली तेव्हा त्याला कळलं की आपण नेमके बॉनेटसमोर उभे आहोत. काचेआड श्रद्धा बसली होती, हात चावीवर. ती त्याच्याकडे बघत होती. बाजूला व्हावं हे त्याला समजत होतं, पण त्याच्याच्याने हलवेना, आणि त्या क्षणी हलायची त्याला इच्छाही नव्हती.

शेवटी तिनेच हाताने खूण केली, बाजूला व्हा. तो रस्त्याकडेला झाला. तिने दांडा डावीउजवीकडे हलवला, एकदा, दोनदा, तीनदा, अगदी त्याच्यासारखा. मग इंजिन सुरू केलं. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, तिसऱ्यांदा चालली आणि वीसेक हातांवर जाऊन थांबली. तो चालत तिथवर गेला तेव्हा दार उघडं होतं आणि श्रद्धा डावीकडच्या पुढच्या सीटवर बसली होती.

"मावशीकडे चला," ती म्हणाली.

सुमंगला सोप्यावर आडोळीवर नारळ खवत होती. दोघांना बघून ती नेहमीसारखं फक्त भिकाजीलाच म्हणाली, "चाय घेतलात?"

भिकाजी अंगणातच उभा राहिला. समोर तो चिऱ्यांचा कट्टा होता, दोन्ही घरांना सामाईक. "ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी गाडी गियरात होती. मी ठेवलेली."

"म्हणजे?" सुमंगला म्हणाली. तिचा हात चालूच होता. जन्मात तिने स्टेअरिंगला हात लावला नव्हता. गियर आणि न्यूट्रल हे तिला नुसते पुरुषांचे शब्द होते. वाड्यावरच्या बायांनी सात वर्षं चावीचीच गोष्ट केली, कारण चावी सगळ्यांना कळते.

भिकाजीने लेकीकडे बघितलं. तिने सोडवावं, एवढंच त्याला हवं होतं.

"नीट सांगा, बाबा," श्रद्धा पायरीवर बसत म्हणाली. "तिका कळात असा सांगा. पयल्यापासून."

भिकाजी उकिडवा बसला. "ताई, चावी फिरवच्या आदी..." तो कट्ट्याकडे बघत थांबला.

"फुडे," श्रद्धा म्हणाली.

तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. क्लच म्हणजे काय, गियर म्हणजे काय, गियर नसेल तर चावी फिरवूनही गाडी जागची कशी हलत नाही, असेल तर काय होतं, चढावर आपण काय करून ठेवायचो, त्या दिवशी काय करून ठेवलं होतं, नंतर दांडा कोणी काढला, पोलिसाला काय सांगितलं, काय नाही. बाराव्या दिवसापर्यंत तो आला तेव्हा सुमंगलाच्या हातातली नारळाची वाटी खाली पडली. तिने मान वर केली आणि सात वर्षांत पहिल्यांदा भाचीच्या तोंडाकडे बघितलं. श्रद्धा तिच्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती, तो मधलं काही गाळत तर नाही ना, ते.