"लाईट तोडू नका हो"

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. शुक्रवार पेठेतल्या मास्तरांचं मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

मास्तर निवृत्त शिक्षक, घरात नवरा-बायको दोघंच. बाईंना फुप्फुसांचा आजार. विजेवरच्या ऑक्सिजन मशीनवर त्यांचा श्वास चालायचा. मास्तर तक्रार द्यायला आमच्या पोलीस ठाण्यात आले. त्यांना फोन आला होता, "काका, लाईट ऑफिसातनं बोलतोय. बिल भरलेलं दिसंना की हितं. आज लाईट तोडावी लागंल." बिल तर भरलेलं होतं. तरी घाबरून त्यांनी तो सांगेल ते अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतलं आणि बघता बघता बँकेतलं खातं साफ झालं.

"मास्तर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं असं करावं?" ठाणे अंमलदार बोलून गेला.

"हिंदीत बोलला असता तर फोन ठेवलाच असता हो," मास्तर म्हणाले. "आपल्याकडचा वाटला पोरगा."

गुन्हा दाखल केला. पुढं टेंभुर्णीच्या खबऱ्यानं कळवलं, की हायवेवरच्या लॉजवर एक तरुण राहतोय, कामधंदा काही नाही, दिवसभर फोनवर लाईट बिलाच्या गोष्टी. त्याला उचलला. चौकशीत "मला काय म्हाईत न्हाय, साहेब" एवढंच घोकत राहिला. अशा वेळी आरडाओरडा करून काही उपयोग नसतो. त्याच्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, हे आमच्या हवालदाराच्या लक्षात आलं. मास्तरांचा कॉल त्याच्यासमोरच लावला.

"लाईट तोडू नका हो, आमची ही मशीनवर आहे, मरेल ती," मास्तर गयावया करत होते. हा म्हणत होता, "मग लवकर करा की, काका."

पोराची मान खाली गेली. साथीदारांच्या नावांसकट सगळं कबूल केलं.

"हे ऐकून तुला काहीच वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटलं की, साहेब. वाटलं, ह्यो मानूस आता पैसं देनारच."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

प्रकरण तिथं संपायला हवं होतं. काही महिन्यांनी मास्तरांना पुन्हा फोन आला, की दुपारी केबलच्या दुरुस्तीसाठी लाईट जाणार आहे, पेशंटची सोय करून ठेवा. मास्तरांनी चार शिव्या हासडून फोन ठेवला. हा फोन खऱ्या वायरमनचा होता. दुपारी लाईट गेली, मशीन बंद पडलं. घरातला ऑक्सिजनचा जादा सिलिंडर रिकामा होता. शेजाऱ्यांनी रिक्षा आणेपर्यंत बाई गेल्या.

लोकांना मी आजही बजावतो. लाईट तोडायची धमकी फोनवर आली की फोन ठेवा, कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅप घेऊ नका, ओटीपी देऊ नका. पण तेवढ्यावर थांबू नका. बिलावरचा नंबर स्वतः लावा, नाहीतर सरळ ऑफिसात जाऊन विचारा. हे शेवटचं मी दोनदा सांगतो, कारण भेटायला गेलो तेव्हा मास्तर माझा हात धरून म्हणाले होते, "साहेब, फोन ठेवला आणि हिला मोठ्या हौसेनं सांगितलं हो, बघ, आज कसा हाकलला त्याला. हसली होती ती."