अब्बांनी रंगवलेला रस्ता: दांडेकर पूल ते जवळजवळ पानशेत

सुट्टी शिल्लक होती आणि सबबी संपल्या होत्या, म्हणून गेले. अब्बा दोन वर्षं म्हणत होते, "एकदा पानशेत रोडनं फिरवून आण." मी दर वेळी पाऊस, मुलीची परीक्षा, गाडीचं काम असं काहीतरी पुढे करायची. अब्बांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, गुडघे कामातून गेलेत. आणि मला आठवड्यातले सहा दिवस नोकरी केल्यावर सातव्या दिवशी गादीशिवाय दुसरं ठिकाण सुचत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी भवानी पेठेतून निघालो. तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी सातच्या आत दांडेकर पूल मागे टाका. आम्हाला साडेसात झाले, कारण अब्बांना इस्त्रीचाच सदरा हवा होता.

"धरणावर चाललोय. इस्त्रीचा कशाला?"

"असू दे," ते म्हणाले. (घरी आम्ही दख्खनी बोलतो. इथे मराठीत लिहितेय.)

अब्बा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण घर चाललं ते रस्त्याच्या ठेकेदाराकडच्या कामावर. या रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वीसेक वर्षं त्यांनीच रंगवले. सायकलला डबे लटकवून सकाळी निघायचे, संध्याकाळी कोपरापर्यंत रंगलेले परत यायचे.

आज आपण ज्याला सिंहगड रोड म्हणून शिव्या घालतो, तो अब्बांच्या तोंडी अजून "राज्यमार्ग" आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हा मुळात गडाचा आणि धरणांचा रस्ता. आधी खडकवासल्यासाठी, मग पानशेत आणि वरसगावसाठी खडी, सिमेंट आणि मजूर यावरून गेले. पानशेत फुटलं तेव्हा ज्यांची घरं वाहून गेली, त्यांतले कित्येक नंतर याच बाजूला राहायला आले. वडगाव, धायरी ही तेव्हा गावं होती. बैलगाडी आडवी आली तर रोलर थांबायचा. आता नवा उड्डाणपूल झालाय, त्यावरून आपण चार मिनिटांत जातो आणि वाचलेली मिनिटं पुढच्या सिग्नलला भरून देतो.

धायरी फाट्याला पंचवीस मिनिटं अडकलो. मागचा दुचाकीवाला हॉर्नवर हात ठेवून होता. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून सुनावलं, "अहो, उडायचं बटण आमच्याकडे नाहीये. तुमच्याकडे असेल तर पुढे व्हा." हॉर्न थांबला. गर्दी मात्र हलली नाही.

नांदेड फाटा ओलांडल्यावर अब्बा डावीकडच्या खिडकीला नाक लावून बसले. दगड शोधत होते. किरकटवाडीच्या पुढे एकदम ओरडले, "थांब!" एका हार्डवेअरच्या दुकानापुढे डांबरातून वीतभर हिरवं टोपरं वर आलं होतं. रस्त्यावर थर चढत गेले आणि दगड होता तिथेच राहिला, त्यामुळे आकडा जमिनीत गेला. अब्बा खिडकीतूनच म्हणाले, "हिरवं म्हणजे राज्याचा. देशाच्या रस्त्याला पिवळं." उतरायला त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला. मी उतरून फोटो काढला. दुकानदार म्हणाला, "गाडी काढा, टेम्पो यायचाय."

खडकवासल्याला पाण्याकडेला चहा घेतला. धुकं नव्हतं, गार वारं नव्हतं, नुसता प्लॅस्टिकचा वास आणि आदल्या रविवारची कणसांची बुरकुंडं. भजी अकरानंतर मिळतात, आमच्यासारखं नऊला जाऊ नका. अब्बांनी चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "पुढे खानापूरच्या अलीकडे एका घरी थांबायचंय. बाबूराव म्हणून आहेत."

"आधी सांगायचंत ना."

"आता सांगितलं."

डोणजे फाट्याला गडाकडच्या गाड्या डावीकडे वळतात आणि रस्ता एकदम मोकळा होतो. उजव्या हाताला पाणी, मधेमधे फार्महाऊसच्या भिंती. एका वस्तीपाशी अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. वस्तीचं नाव देत नाही, त्यांच्या दारात उगाच कुणी जायला नको. रस्त्यापासून थोडं मागे दुमजली पक्कं घर होतं. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. या वेळी अब्बा माझा खांदा धरून उतरले.

"बाबूराव! मी उस्मान! पेंटर!"

तीनदा सांगावं लागलं, त्यांना ऐकू फारच कमी येतं. मग मात्र त्यांनी अब्बांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. "आरं तिच्या! उस्मान! जित्ता हाय का तू!"

आतून त्यांच्या बायको, हिराबाई, ओले हात पदराला पुसत आल्या. अब्बांना बघून उंबऱ्यातच थांबल्या. "बसा," म्हणाल्या. 'या' नाही, नुसतंच 'बसा'. चहा आणला आणि उभ्याच राहिल्या.

अब्बांनी कप खाली ठेवला. "वहिनी, भिंतीवर आकडा टाकत होतो तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, हे कशाचं. मी शिरगणतीचं म्हणून सांगितलं होतं."

"ध्यानात हाय माज्या," हिराबाई म्हणाल्या.

मला काहीच कळेना. मग दोघांच्या बोलण्यातून कळलं ते असं. रस्ता रुंद व्हायचा होता. जी घरं पाडायची त्यांच्या भिंतीवर लाल आकडा टाकायचं काम अब्बांकडे आलं. या रस्त्यावर असले की दुपारची भाकरी ते बाबूरावांच्याच ओसरीवर खायचे. त्याच घराच्या भिंतीवर त्यांनी सत्तावीस लिहिला. बाबूराव शेतात होते. हिराबाई नेहमीसारखा चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात त्यांनीच दिलेला कप, आणि अब्बा खोटं बोलले. त्यानंतर त्यांनी हा रस्ता सोडला. दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या बाजूचं काम धरलं.

"कागद आला व्हता," हिराबाई म्हणाल्या. "ह्यांनी ट्रंकेत ठिवला. मला बोलले नाय. तुमी बी बोलला नाय. आन म्या त्याच महिन्यात सैपाकघरात ओटा घातला. माज्या भावानं शहाबादी फरशी आणून दिल्याली. डोक्यावर वाळू वाहिली म्या. उभं ऱ्हाऊन सैपाक करीन म्हनलं जल्मात एकदा. सहा महिनं केला. मग मशीन आलं."

हिराबाईंनी बाबूरावांकडे बोट केलं.

"ह्यांचा राग न्हाई तेवढा. ह्यांना म्या इचारलंच नव्हतं. इचारलं व्हतं ते तुमाला."

बाबूराव आमच्या तोंडांकडे बघत हसत होते. "काय म्हनतीय ही? जेवायला थांब म्हनतीय का?"

हिराबाईंनी त्यांच्याकडे वळून कानठळ्या बसतील इतक्या जोरात सांगितलं, "व्हय! थांबा म्हनते जेवायला!"

आणि मग खरंच थांबावं लागलं.

ओसरीवरच ताटं आली. ज्वारीची भाकरी, वालाची उसळ, ठेचा, वर कच्चा कांदा. या सगळ्या सहलीतलं जेवण म्हणावं असं हे एकच. बाबूराव अब्बांना मोठ्यानं गावातल्या माणसांची यादी सांगत होते, कोण गेलं, कुणी पुण्यात फ्लॅटमध्ये स्वतःला कोंडून घेतलंय. अब्बा मान डोलवत होते. हिराबाई दुसरी भाकरी वाढायला आल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "माफ करा, वहिनी."

"माफ काय करायचं त्यात. खोटं बोलला व्हता, आज तसं म्हनालात. खावा."

निघताना हिराबाईंनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला, तोही मलाच टाइप करायला लावून.

गाडीत बसल्यावर अब्बा म्हणाले, "परत फिरव." पानशेत तिथून फार लांब नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून मी गाडी वळवली. त्यामुळे पानशेतची बोटिंग, पार्किंग, हॉटेल यांची माहिती या पोस्टमध्ये नाही. क्षमस्व.

परतताना वडगावच्या अलीकडे तासभर एकाच जागी उभे होतो. काचेवर ऊन, पुढे डंपर.

"इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगून मोकळा झालो असतो," अब्बा म्हणाले. "मग तिच्याकडे कशाला गेलो असतो?"

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा माझी कंबर मोडली होती. अब्बा सदरा न बदलताच कॉटवर आडवे झाले. एवढं करून काय मिळवलं, असा हिशेब मी मांडायला बसले आणि मला तो जमला नाही. त्यांना हलकं वाटत असेल म्हणावं, तर तसे दिसत नव्हते. दमलेले दिसत होते, आणि जरा लहान. मला मात्र एक गोष्ट खुपत राहिली. हा रस्ता रुंद व्हावा म्हणून गेल्या पाच वर्षांत मी कितीदा बोलले असेन. त्या रुंदीत कुणाचा ओटा असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

सातच्या सुमारास फोन वाजला. हिराबाई.

"पोचला का?"

"पोचलो, मावशी."

"त्यांना द्या."

मी फोन अब्बांच्या कानाला लावला. पलीकडून येणारा आवाज मलाही ऐकू येत होता, त्यांना नवऱ्याशी बोलायची सवय आहे.

"सैपाकघरात आलाच न्हाई तुमी. भायेरच्या भायेर गेलात. नवा ओटा केलाय म्या. ग्रानाइटचा. बघायचा व्हता की."

अब्बा कॉटवर उठून बसले. "हो, वहिनी," ते म्हणाले. "बघायला येतो."